वडगाव ते धारवाड: चाळिशीच्या तोंडावर एडीएचडीचं निदान

मला एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं लहानपणापासूनच अवघड जातं ती अवस्था) आहे हे डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. जानेवारी २०२४ ची गोष्ट. त्याआधीचे कित्येक महिने कुठं जायचं, काय सांगायचं, कुठले कागद न्यायचे, खर्च किती येणार, काही म्हणजे काही कळत नव्हतं. मराठीत शोधलं की वर्गात गप्प न बसणाऱ्या दुसरी-तिसरीच्या मुलांबद्दलच सापडायचं. इंग्रजीत ढीगभर होतं, पण त्या लोकांचे दवाखाने वेगळे, विमे वेगळे. बेळगावच्या वडगावात राहणाऱ्या, सोसायटीत नोकरी करणाऱ्या बाईनं काय करायचं ते कुठंच नव्हतं. म्हणून हे जरा पाल्हाळ लावून लिहिते आहे.

सुरुवात झाली ती बढतीपासून. मी एका क्रेडिट सोसायटीत दहा-बारा वर्षं पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करत होते. सकाळी मशीन खांद्याला लावायचं आणि शहापूरपासून खडेबाजारापर्यंत दुकानं पालथी घालायची. कोणाचे पन्नास, कोणाचे दोनशे. पावती फाडून दिली की पुढचं दुकान. हे काम मला जमायचं आणि आवडायचंही. चालणं, बोलणं, दर पाच मिनिटांनी नवा माणूस. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाचं दुकान विकायला निघालंय, सगळं डोक्यात पक्कं. गिऱ्हाइकांच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे माझ्याही ठरलेल्या. संध्याकाळी मशीनचा आकडा आणि पिशवीतली रोकड जुळली की दिवस मिटला, उद्यासाठी काही लोंबकळत राहायचं नाही.

घरी मात्र विजेचं बिल, मुलीची फी, गॅसचं बुकिंग ही कामं हळूहळू नवऱ्याकडे कधी गेली ते कळलंही नव्हतं. तो उद्यमबागेत टर्नर आहे, वेळेचा पक्का. ‘तिच्यावर सोपवू नको’ हे वाक्य आमच्या घरात कोणी रागानं म्हणायचं नाही. सवयीनंच म्हणायचे.

एप्रिल २०२३ ला, नव्या आर्थिक वर्षात, मला आत घेतलं. कर्ज विभाग. पगार वाढला, पंख्याखाली खुर्ची मिळाली, सासूबाईंनी कुंदा वाटला. आणि महिनाभरात माझी दाणादाण उडाली. कर्जाची फाइल म्हणजे अर्ज, दोन जामीनदार, त्यांची पगारपत्रकं नाहीतर उतारे, फोटो, सह्या, मंजुरीचा ठराव, बॉण्ड. एक फाइल उघडायची, स्टॅम्प पॅड आणायला उठायचं, वाटेत काउंटरवर कोणाशी तरी बोलणं निघायचं, परत यावं तर टेबलावर वेगळीच फाइल उघडी आणि पहिली कुठंवर आली होती ते आठवत नाही. थकबाकीदारांना नोटिसा काढायच्या होत्या. मजकूर एकच, नुसतं नाव आणि आकडा बदलायचा. ते काम मी रोज उद्यावर ढकललं आणि रोज रात्री त्याच्याच विचारानं जागी राहिले. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी सगळ्या नोटिसा एका बैठकीत काढल्या, एक आकडा चुकला नाही. म्हणजे काम येत नव्हतं असंही म्हणता येईना. आदल्या दिवशीपर्यंत हात का लागत नव्हता, हे मात्र कोणाला सांगताच येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सोनेतारण कर्जांच्या नूतनीकरणाची पत्रं वेळेत न गेल्याबद्दल मेमो आला. मॅनेजर साहेब तसे भले. म्हणाले, “मॅडम, बाहेर तुम्ही वाघीण होता. आत आल्यावर काय झालं?” हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण पुढं सगळ्या डॉक्टरांना मी हाच प्रश्न सांगितला आणि त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

पहिला दरवाजा अर्थातच गल्लीतले आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२. लॅबचं बिल दीड हजारांच्या आसपास झालं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, अंगातली मरगळ थोडी गेली. फायलींचं काही बदललं नाही. एडीएचडीबद्दल विचारायची तेव्हा कल्पनाच नव्हती. हे रिपोर्ट मात्र जपून ठेवा. पुढं मानसोपचारतज्ज्ञांनी सगळ्यांत आधी तेच मागितले, कारण थायरॉइड बिघडला, रक्त कमी असलं, झोप नीट नसली तरी लक्ष लागत नाही. ते आधी बाजूला काढावं लागतं.

एडीएचडी हा शब्द आला पुण्याच्या मैत्रिणीकडून. कॉलेजात आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, दोघींच्या वह्या अर्धवट. तिला वर्षभरापूर्वी निदान झालं होतं. तिनं जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची प्रश्नावली पाठवली. एकूण १८ प्रश्न, त्यातले पहिले सहा चाळणीचे. कामाचा अवघड भाग झाल्यावर शेवटचं किरकोळ राहून जातं का, भेटीच्या वेळा आणि दिलेले शब्द विसरता का, डोकं लावायचं काम सुरू करायला टाळता का, बराच वेळ बसावं लागलं की हातपाय चाळवतात का, अशा धर्तीचे. या सहांपैकी चार किंवा अधिक ठिकाणी उत्तर ठरलेल्या रेषेपलीकडे गेलं तर तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. त्या कागदावरून निदान होत नाही. माझी पाच गेली. तरी मी मैत्रिणीला म्हटलं, “हे काय, सगळ्यांनाच होतं की!” आणि विषय गणपतीवर नेला.

बेळगावात गणपतीच्या दिवसांत दुसरं काही सुचतच नाही. २८ सप्टेंबरला विसर्जन झालं आणि २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी होती. घरात कोणी नव्हतं. त्या दिवशी टेली-मानसच्या १४४१६ ला फोन लावला. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, आणि सुरुवातीलाच भाषा निवडता येते. पलीकडच्या बाई, नाव सांगितलं नाही तरी चालेल म्हणाल्या. मी बोलायला लागले ते वीसेक मिनिटं बोलतच होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, जिवाला काही करून घ्यायचे विचार येतात का ते स्पष्ट विचारलं, आणि म्हणाल्या की फोनवर हे ठरवता येणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा. सरकारी पर्याय म्हणजे जिल्हा रुग्णालय, नाहीतर धारवाडची डिमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. ज्यांना कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, त्यांच्यासाठी हा फोन चांगला.

आता खरी अडचण सांगते. पिग्मीवाल्या बाईला बेळगावात न ओळखणारा माणूस नाही. गावातल्या एका खासगी दवाखान्यात संध्याकाळचा नंबर लावला, बाकावर जाऊन बसले, तर समोर आमचे जुने खातेदार, सुनेला घेऊन आलेले. “तुम्ही इकडं कुठं?” मी चक्क “वसुलीला आलेय” म्हणून सांगितलं आणि उठून बाहेर पडले. ते बिचारे माझ्याइतकेच अवघडलेले होते, हे नंतर रिक्षात लक्षात आलं. आता हसू येतं. तेव्हा मात्र धारवाडला जायचं त्याच रात्री पक्कं केलं.

बायकांना धारवाड तसं सोपं आहे. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजना आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवलं की साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. मध्यवर्ती बसस्थानकावरून हुबळी-धारवाडची गाडी अर्ध्या-पाऊण तासानं असतेच. कित्तूरवरून दोन तास धरून चाला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा मी टाळला. १ तारखेला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे आपला, सीमाभागातल्या मराठी माणसांचा, निषेधाचा काळा दिवस, बसचा भरवसा नसतो. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हाही हलग्याजवळ बंदोबस्त आणि मोर्चे, वेळ हाताशी ठेवूनच निघावं.

दवाखान्यात जायच्या आधी मैत्रिणीनं एक गोष्ट करायला लावली होती. ती प्रत्येकानं करावीच. एका कागदावर लिहायचं, आणि ‘मी विसरते’ असं लिहायचं नाही. काय, कुठं, किती वेळा, त्यातून काय नुकसान झालं, हे लिहायचं. माझ्या कागदावर होतं: ‘दूध तापत ठेवून दळण आणायला गेले, जूनमध्ये दोनदा.’ ‘एलआयसीचा हप्ता, पैसे असून, तिमाहीला उशिरा, दंड.’ ‘लोक बोलत असताना मधे बोलते, नंतर वाईट वाटतं, रोज.’ लिहायला बसले तेव्हा मुलगी शेजारी अभ्यास करत होती, म्हणून एका बैठकीत झालं. एकटीनं बसले असते तर धारवाडही राहिलं असतं. तो कागद फार कामाला आला, कारण समोर डॉक्टर बसले की मला एकतर काहीच आठवत नाही, नाहीतर सगळं एकदम आठवतं.

पहिली भेट नोव्हेंबरच्या मध्यात. सकाळी लवकर पोहोचले, आधार दाखवून केस पेपर काढला आणि नंबर येईपर्यंत बसून राहिले. सोबत डबा, पाणी आणि हाताला काहीतरी काम न्या. मी जुन्या पावत्या तारखेवार लावत बसले होते. सरकारी ओपीडीला जायचं तर ऑफिसला पूर्ण दिवसाची रजा टाका. अर्ध्या दिवसात होईल असं धरून गेलात तर डॉक्टरांसमोरही घड्याळाकडंच बघत राहाल.

आत आधी एका तरुण डॉक्टर मॅडमनी सगळी माहिती घेतली. “हेळ्री अक्का,” म्हणजे सांगा ताई, म्हणाल्या. मला कानडी येतं. बाजारातलं येतं, हिशेबाचं येतं, भांडायचंही येतं. पण रात्री पडल्यापडल्या मनात काय होतं ते कानडीत सांगायला जमेना. त्यांनी ओळखलं आणि हिंदीवर आल्या, मधेमधे मराठीही. भाषेची अडचण वाटली तर सुरुवातीलाच सांगून टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रश्न एडीएचडीचे कमी आणि इतरच जास्त होते. झोप किती, भूक कशी, आठवडेच्या आठवडे उदास वाटतं का. कधी दोन तास झोपूनही अंगात भलताच उत्साह, सपाटून खर्च, असे दिवस येतात का. डोक्याला मार, फिट, तंबाखू, दारू. घराण्यात कोणाला काही. मला वाटलं ह्यांना माझं म्हणणं कळलंच नाही. पण चिंता, नैराश्य, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी उदासी) यांतही लक्ष उडतं, तेव्हा हे सगळं विचारावंच लागतं.

मग वरिष्ठ डॉक्टरांनी दहा मिनिटं बोलून सांगितलं: आत्ताचं ऐकलं, आता लहानपणचं हवं. निकष असा की वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधी यातली बरीच लक्षणं दिसलेली असली पाहिजेत, आणि एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेत किंवा कामावरही. लक्षणांच्या दोन याद्या असतात, एक लक्ष न लागण्याची, दुसरी चळवळेपणाची आणि उतावळेपणाची. सतरा वर्षांपुढच्या माणसात कुठल्या तरी एका यादीतली किमान पाच लागतात. बढतीनंतर सुरू झालेलं दुखणं एवढ्यावर एडीएचडी म्हणता येणार नाही. “शाळेची प्रगतिपुस्तकं आणा. आई असतील तर त्यांना आणा.” मी विचारलं, “सगळ्यांनाच असं होतं ना थोडंफार?” ते म्हणाले, “होतं. ताप पण सगळ्यांना येतो.” झोपेची नोंद ठेवायला सांगून जानेवारीची तारीख दिली.

प्रगतिपुस्तकं माहेरी. माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्र. आईनं आमची तिघा भावंडांची कागदं पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या जुन्या प्रतींखाली ठेवलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेचं निळसर पुठ्ठ्याचं पुस्तक, कोपरे वाळवीनं खाल्लेले. चौथीचं पान उघडलं. मराठी, गणित उत्तम. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींचं तिरकं अक्षर: ‘हुशार आहे. लक्ष देत नाही. वह्या अपूर्ण.’ पाचवीत तेच, शाई वेगळी. सहावीत ‘बडबड कमी करावी’. ओट्यावर बसून मी ती पानं मोबाइलवर काढत होते आणि आई विचारत होती, “आता एवढ्या वर्षांनी ह्याचं काय करतीस गे?” ज्यांच्याकडे अशी पुस्तकं उरलेली नाहीत त्यांनी घाबरू नये. आई, थोरली बहीण, चुलतभाऊ, शेजारी, लहानपणी जवळून पाहिलेलं कोणीही चालतं, डॉक्टर त्यांच्याशी फोनवरही बोलतात.

संक्रांत झाल्यावर आईला घेऊन धारवाडला गेले. बसमध्ये माझं तिकीट शून्य आणि आईचं पूर्ण, कारण तिचं आधार महाराष्ट्राचं. तिकडे एसटीत तिला अर्धं पडतं. कित्तूर येईपर्यंत ती याच हिशेबावर नाराज होती.

डॉक्टरांनी तिला विचारलं, लहानपणी ही कशी होती? आईला वाटलं माझी तक्रार चालली आहे. ती सरसावून बसली. “पोरगी वाईट न्हवती हो डॉक्टर. मनानं लई चांगली.” मग हळूहळू सांगायला लागली. डेअरीला दूध घालायला पाठवली तर किटली तिथंच ठेवून पोरींबरोबर चिंचा पाडायला जायची. एका पावसाळ्यात दोन छत्र्या हरवल्या. जेवताना ताटावरून उठायची आणि परत यायची नाही. शाळेत पळत जायची, दप्तर घरी. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण असं? आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “हिचे वडील. बाजाराला जायचे ते नुसतेच हिंडून यायचे.” बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल असं काही आम्ही कधी बोललो नव्हतो. एडीएचडी घराण्यात उतरतं, उंचीसारखंच बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, असं डॉक्टरांनी तिला सावकाश समजावलं. संगोपनात कमी पडल्यामुळे होत नाही, हेही सांगितलं. हे वाक्य माझ्यापेक्षा तिला जास्त हवं होतं असं मला वाटलं.

निदान लिहिलं गेलं: एडीएचडी, लक्ष न लागणे हा प्रकार मुख्य. मुलींमध्ये असंच बरेचदा निसटतं म्हणे. बाकावर उड्या मारणारा मुलगा बाईंच्या डोळ्यांत खुपतो, खिडकीतून बाहेर बघत बसलेली मुलगी खुपत नाही.

लगेच हलकं वगैरे वाटलं नाही. धारवाडच्या स्टँडवर मला राग आला, कोणावर ते कळेना. गाडी सुटल्यावर आई म्हणाली, “दप्तर इसरलीस म्हणून मारलं होतं तुला.” मी म्हटलं, “तेव्हा सगळ्यांच्याच आया मारायच्या.” पुढं हिरेबागेवाडीपर्यंत कोणी काही बोललं नाही.

आता औषधांचं. कोणी आपल्या मनानं घ्यावं म्हणून सांगत नाही, काय काय होतं ते कळावं म्हणून सांगते. आधी रक्तदाब, नाडी, वजन आणि ईसीजी. मला पहिल्यांदा अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलं. हे उत्तेजक गटातलं नाही, बेळगावात चिठ्ठीवर मिळतं, आणि त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मला महिन्याला सातशे-आठशेचा खर्च यायचा. पहिले दिवस मळमळ, तोंड कोरडं. उपाशीपोटी घेतलं की जास्त, म्हणून भाकरी-भाजी खाऊन मगच. महिन्या-दीड महिन्यानं थोडा फरक वाटला, मन कमी भरकटायचं. पण नाडी वाढलेली राहिली आणि मेमध्ये डॉक्टरांनी औषध बदलून उत्तेजक गटातलं मिथाइलफेनिडेट दिलं.

इथं नवी वारी सुरू झाली. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या यादीतही आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि त्याला ती दोन वर्षं जपावी लागते. त्यासाठी दुकानाकडे वेगळा परवाना हवा, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळतच नाही. नवऱ्यानं कामावरून सुटल्यावर टिळकवाडीपासून कॅम्पापर्यंत विचारून पाहिलं. एका दुकानात तर त्याला वरून खाली न्याहाळून “कोणासाठी?” असं विचारलं. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलजवळच्या दुकानात मिळालं. ह्यातून शिकलेलं सांगते: धारवाडहून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा की हे बेळगावात कुठं मिळतं, आणि चिठ्ठीच्या दोन प्रती, शिक्का, तारीख तिथंच तपासा. प्रत एकच निघाली तर पुन्हा दोन तासांचा रस्ता.

फरक त्याच दिवशी कळला, म्हणजे काय कळलं ते सांगते. दुपारी सहकारी मला एका जामीनदाराबद्दल काहीतरी विचारत होती आणि मी तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. एवढंच. डोक्यात मधे दुसरं काही सुरू झालं नाही. गोळीचा जोर चार तासांचा, तो उतरला की संध्याकाळी चिडचिड व्हायची. ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी वेळा बदलून दिल्या. दुपारची भूक मरते, म्हणून सकाळी पोटभर खाते. उशिरा घेतली तर रात्री टक्क जागी. कंटाळवाणं काम कंटाळवाणंच राहतं. गोळी घेऊन मी दोन तास मन लावून फोनमधले जुने फोटोही नीट लावलेत, नोटिसा तशाच पडलेल्या असताना. तेव्हा समोर काय ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं.

त्यासाठी थोड्या सवयी लावल्या. शेजारी यंत्रमाग आहे. त्याच्या खटखटीत माझं लक्ष लागतं आणि शांततेत उडतं हे मला या सगळ्या भानगडीत पहिल्यांदा उमगलं. घरचे कागदाचे काम मी आता माग चालू असतानाच, मुलगी शेजारी बसलेली असताना करते. चाव्या, आधार, औषध दाराजवळच्या एकाच डब्यात. अलार्मला नुसती वेळ नाही, नाव: ‘गॅस बंद केलास का बघ’. डायरीचे सुंदर बेत मात्र सगळे आठवड्यात मोडले, ते मी सोडून दिले.

ऑफिसात सांगावं का, ह्यावर महिनाभर घोळ घातला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. तेव्हा नुसत्या निदानावर प्रमाणपत्र, सवलत असलं काही पदरात पडत नाही. मी नाव न घेता मॅनेजर साहेबांकडे कामाचंच मागितलं: सकाळी वसुलीला बाहेर, दुपारी टेबल, आणि नूतनीकरणाच्या तारखांची यादी माझ्या एकटीच्या वहीत न राहता भिंतीवर. आधी नाही म्हणाले, बाकीचे पण मागतील म्हणाले. दिवाळीनंतर वसुलीचा माणूस सोडून गेला तेव्हा स्वतःच बोलावून हो म्हणाले. माझ्या निदानापेक्षा त्या माणसाच्या राजीनाम्याचाच मला जास्त फायदा झाला, हेही खरं.

सगळंच काही एडीएचडीचं नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा तरी सांगितलंय. जावेशी माझं पटत नाही ते माझं मला.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीच्या तपासण्या, ईसीजी आणि पहिल्या सहा महिन्यांची औषधं मिळून दहा हजारांच्या आतबाहेर गेले, प्रवास जवळपास फुकट. खासगीत हाच खर्च वाढेल, पण रजा कमी टाकाव्या लागतील. ज्यांना धारवाड लांब पडतं त्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते आधी फोनवर विचारून घ्यावं. निपाणी, खानापूरकडच्यांना तो रस्ता जवळचा.

सध्या दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जाते. तिथं वजन, रक्तदाब, नाडी बघतात आणि नवी चिठ्ठी देतात. औषधाचं दुकान माल मागवूनच देतं, त्यामुळे गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी फोन करावा लागतो. तो अलार्म माझ्या फोनमध्ये आहे आणि नवऱ्याच्याही. गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीच्या झेरॉक्ससह ठेवते, माहेरी जाताना तर नक्कीच. मागच्या महिन्यात चुलतभावानं विचारलं, त्याच्या मुलाची दहावी आहे, दोन गोळ्या देतेस का. त्याला चहा पाजला, १४४१६ लिहून दिला आणि पोराची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं शोधायला सांगितली.